मुलगे किती, मुली किती

१६२९ साली लंडनच्या चर्चांमध्ये ५,२१८ मुलग्यांचा आणि ४,६८३ मुलींचा बाप्तिस्मा झाला. १७१० साली हेच आकडे ७,६४० आणि ७,२८८ होते. मधल्या काळात त्या शहरानं काय काय पाहिलं! राजाचं मुंडकं उडवलं, प्लेगमध्ये घरंच्या घरं रिकामी झाली, लगोलग आगीनं निम्मं शहर खाल्लं. एक गोष्ट मात्र ८२ वर्षांत एकदाही बदलली नाही. दरवर्षी मुलगेच जास्त.

हे आकडे मला तोंडपाठ आहेत याचं लोकांना नवल वाटतं. पण माझी सगळी नोकरी जिल्हा पातळीवर, आरोग्य खात्यात, सांख्यिकी अन्वेषक म्हणून गेली. उपकेंद्राचं रजिस्टर, प्राथमिक आरोग्य केंद्राचा मासिक अहवाल, ग्रामसेवकाची जन्म-मृत्यू नोंदवही, या तिन्हींचा मेळ घालणं हे माझं काम. तो मेळ सहसा बसत नसे. त्यामुळे तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी हेच काम करत होतं, तेही पिसाच्या लेखणीनं आणि मेणबत्तीच्या उजेडात, हे वाचल्यावर त्या माणसांबद्दल जिव्हाळा वाटू लागला.

लंडनमध्ये आठवड्याला किती मेले आणि किती जन्मले याचे तक्ते चर्चचे कारकून छापत. मूळ हेतू प्लेगची चाहूल लागावी हा. श्रीमंतांना शहर सोडून गावी पळायला वेळ मिळावा, असं म्हटलं तरी चालेल. जॉन ग्रॉन्ट नावाच्या एका दुकानदारानं हे जुने तक्ते गोळा केले आणि १६६२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. लंडनमध्ये १३ मुलींमागे १४ मुलगे जन्मतात, हे त्यानं नोंदवलं. सुया, फिती, बटणं विकणाऱ्या माणसानं हे काम केलं याचं मला फार कौतुक आहे. पदवी नाही, खातं नाही, वरून परिपत्रक नाही.

पुढे जॉन आर्बथनॉट आला. राणी अ‍ॅनचा वैद्य, जोनाथन स्विफ्टचा दोस्त, इंग्रजांचा प्रतीकपुरुष ‘जॉन बुल’ याला लेखणीतून जन्म देणारा विनोदी लेखक. १७१० साली त्यानं रॉयल सोसायटीपुढे एक छोटा निबंध मांडला. त्यातली मांडणी अशी: दोन बाजूंचा एक फासा कल्पा, एका बाजूवर मुलगा, दुसरीवर मुलगी. दोन्ही बाजू सारख्याच पडायच्या असतील, तर एखाद्या वर्षी मुलगे जास्त निघण्याची शक्यता फार तर निम्मी. सलग ८२ वर्षं तसंच घडण्याची शक्यता म्हणजे निम्म्याचं निम्मं, असं ८२ वेळा. हा हिशेब ४,८३६ लिहून त्यापुढे २१ शून्यं द्यावीत, तितक्या संख्येत एक इतका बारीक होतो. म्हणजे हे नशिबानं घडलेलं नाही. इथवर सगळं ठीक. पण निष्कर्ष काय काढावा? ही ईश्वराची योजना आहे: पुरुष बाहेरच्या धोक्यांत जास्त मरतात, म्हणून देव आधीच थोडे जास्त पाठवतो, आणि म्हणून एकाहून अधिक बायका करणं निसर्गाच्या विरुद्ध आहे. संख्येचा एक नियम सापडला की त्यावर आपलं आवडतं मत लादण्याची खोड किती जुनी आहे, ते इथं दिसतं.

या निबंधाची खरी चिरफाड केली निकोलस बर्नोलीनं. त्याचा काका याकोब बर्नोली १७०५ साली वारला तेव्हा संभाव्यतेवरचा त्याचा मोठा ग्रंथ अर्धवट होता. तो १७१३ साली छापून आला, प्रस्तावना या पुतण्याची. आज ज्याला आपण द्विपदी वितरण म्हणतो, त्याचा पाया त्या ग्रंथात आहे. एकच प्रयोग पुन्हा पुन्हा करायचा, दर वेळी निकाल दोनच, दर वेळी शक्यता तीच आणि मागच्या निकालाचा पुढच्यावर काही परिणाम नाही. मग इतक्या प्रयोगांत अमुक वेळा ‘हो’ येण्याची शक्यता किती, याचं ते सूत्र. पुतण्यानं ते लंडनच्या बाळांना लावलं. तो म्हणाला, आर्बथनॉटचा फासा दोन सारख्या बाजूंचा होता, तिथंच गोम आहे. ३५ बाजूंचा फासा घ्या, १८ बाजूंवर मुलगा आणि १७ बाजूंवर मुलगी. असा फासा वर्षाला १४,००० वेळा टाकला, तर ७,२०० मुलगे आणि ६,८०० मुली अपेक्षित आहेत, आणि लंडनचे आकडे वर्षानुवर्षं त्याच्याच आजूबाजूला डोलतात. त्यांच्या डोलण्यात चमत्कार काही नाही. देवाची योजना हवीच असेल, तर ती १८ आणि १७ या आकड्यांत शोधा.

माझ्या मते आकडेशास्त्राच्या इतिहासातली ही सगळ्यात शहाणी दुरुस्ती आहे. फासा खोटा आहे असं म्हणण्याआधी तो मुळात कसा घडवलाय ते विचारा.

इथं कुणीतरी हमखास आठवण करून देतं की हे सगळं आपल्याकडे आधीच होतं. अर्धं खरं आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघू आणि गुरू या दोनच अक्षरांचे किती प्रकार होतील हा प्रश्न आहे, आणि दहाव्या शतकातल्या हलायुधाच्या टीकेत मेरुप्रस्तार स्पष्ट मांडलेला आहे: वर एक, खाली एक-एक, मग एक-दोन-एक, असा उतरत जाणारा आकड्यांचा डोंगर. चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘लीलावती’त अशा निवडींचे हिशेब शिकवले. द्विपदीतले गुणांक तेच. पण अमुक प्रकार किती आहेत हे मोजणं वेगळं, आणि त्यांतला कुठला किती वेळा घडेल याची पैज लावणं वेगळं. दुसरी गोष्ट युरोपात जुगाराच्या टेबलावर आणि चर्चच्या नोंदवहीत घडली. दोन्ही मान्य करायला काही हरकत नसावी.

मेरुप्रस्ताराची पाचवी ओळ मात्र मी परिचारिकांच्या प्रशिक्षणात आवर्जून फळ्यावर लिहायची: १, ४, ६, ४, १. चार मुलं असलेली घरं घ्या आणि मुलगा-मुलगी समसमान शक्य धरा. सोळापैकी सहा घरांत दोन मुलगे, दोन मुली. तीन-एक अशी फूट मात्र आठ घरांत, चार इकडून आणि चार तिकडून. म्हणजे चार मुलांच्या घरात ‘बरोबर निम्मे’ हा नियम नव्हे. सिस्टर मंडळी बोटांवर आपापल्या भावंडांची, नणंदा-दिरांची घरं मोजायच्या, आणि वर्गाचा हिशेब बहुतेक वेळा फळ्याच्या जवळपास यायचा.

आर्बथनॉटनंतर सत्तरेक वर्षांनी फ्रेंच गणिती लाप्लासनं हा प्रश्न हातात घेतला. त्याच्यापुढे पॅरिसचे २६ वर्षांचे आकडे होते, १७४५ ते १७७०: २,५१,५२७ मुलगे आणि २,४१,९४५ मुली. इतक्या मोठ्या संख्येपुढे शंका उरत नाही. पॅरिसमध्ये मुलगा जन्मण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे, हे त्यानं गणितानं पक्कं केलं. मग बर्गंडीतलं व्हिटो नावाचं एक छोटं गाव त्याच्या नजरेस आलं. पाच वर्षांत तिथं २०३ मुलगे आणि २१२ मुली. मुली जास्त! व्हिटोचं पाणी वेगळं, हवा वेगळी, असं म्हणायला कुणाचीही जीभ वळवळली असती. लाप्लासनं हिशेब केला. व्हिटोत मुलगी जन्मण्याची शक्यता खरोखर जास्त असावी याच्या बाजूनं तीनात दोन इतकंच वजन पडत होतं. एवढ्यावर कुणी काही ठरवू नये, असं त्याचं मत पडलं. ४१५ जन्म हा पुरावा म्हणून फारच थोडका ऐवज होता.

पण लाप्लासचं खरं कसब पुढच्या गोष्टीत आहे. फ्रान्सच्या तीस जिल्ह्यांत १८०० ते १८०२ या काळात १,१०,३१२ मुलगे आणि १,०५,२८७ मुली जन्मल्या, म्हणजे साधारण २२ला २१. पॅरिसचं प्रमाण मात्र २५ला २४. फरक दिसायला नखाएवढा, पण लाखो जन्मांवर तो योगायोग म्हणून सोडता येईना. लाप्लासनं ठरवलं की काहीतरी कारण असलंच पाहिजे, आणि ते त्याला अनाथाश्रमात सापडलं. पॅरिसच्या टाकून दिलेल्या मुलांच्या आश्रमात आजूबाजूच्या खेड्यांतली मुलंही आणून सोडली जात आणि त्यांचा बाप्तिस्मा पॅरिसच्या खाती जमा होई. १७४५ ते १८०९ या काळात तिथं १,६३,४९९ मुलगे आणि १,५९,४०५ मुली आले, म्हणजे ३९ला ३८. खेड्यातले आईबाप मुलगा असेल तर शक्यतो ठेवून घेत होते, मुलगी असेल तर सोडून देणं त्यांना थोडं सोपं जात होतं. आश्रमाची मुलं बाजूला काढली की पॅरिसही उरलेल्या फ्रान्ससारखंच, २२ला २१.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वही मिटून बसून राहिले होते. कुणाची मुलाखत नाही, कुणाची चौकशी नाही, कुणावर आळ नाही. केवळ २२ला २१ आणि २५ला २४ यांच्या फटीतून त्या माणसानं अख्ख्या प्रांतातल्या उंबरठ्यांमागचा निर्णय वाचला.

त्याच लाप्लासनं माणसांच्या भ्रमांबद्दल लिहिताना एक मजेदार निरीक्षण नोंदवलं आहे. मुलगा व्हावा म्हणून आतुर झालेले बाप, बायको बाळंत व्हायच्या महिन्यात गावात मुलगे जास्त जन्मले की कष्टी होत. त्यांना वाटे, मुलग्यांचा कोटा संपत आला, आता मुलींची पाळी. मागच्या निकालाचा पुढच्यावर परिणाम नसतो, हे द्विपदीचं शेवटचं कलम. हे बाप नेमकं तेच विसरत. लाप्लासला या समजुतीचं हसू आलं. ती पुढे खरी करून दाखवणारं यंत्र निघेल हे त्याच्या स्वप्नातही नसणार. त्याकडे येतेच.

एकोणिसाव्या शतकात मोजणी हा सरकारचा धंदा झाला आणि त्याबरोबर एक गैरसोय उघड झाली: खरे आकडे द्विपदीच्या सूत्राला क्वचितच जुमानतात. जर्मनीत विल्हेल्म लेक्सिसनं १८७६च्या सुमारास निरनिराळ्या आकडेवाऱ्या तपासल्या. आत्महत्या घ्या, मृत्यू घ्या, वर्षावर्षातला त्यांचा चढउतार सूत्र सांगतं त्यापेक्षा कितीतरी मोठा. कारण उघड आहे, दर वेळचा फासा तोच नसतो. एकच मालिका त्याला बऱ्यापैकी गुणी सापडली, आणि ती म्हणजे जन्मणाऱ्या मुलगे-मुलींचं प्रमाण.

मग सॅक्सनीतल्या एका कार्यालयानं या गुणी मालिकेचीही झाडाझडती घेतली. १८७६ ते १८८५ या दहा वर्षांत तिथं बाळाची नोंद करायला आलेल्या आईबापांना आधीची मुलं किती, मुलगे किती, मुली किती, हेही सांगावं लागे. आर्थर गाइसलर या वैद्यानं हा प्रचंड साठा मांडून १८८९ साली ड्रेस्डेनहून छापला. जवळपास दहा लाख कुटुंबं! त्यांतली नेमकी आठ मुलं असलेली ५३,६८० कुटुंबं पुढे प्रसिद्ध झाली, कारण इंग्रज सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशरनं १९२५ सालच्या आपल्या पाठ्यपुस्तकात ती उदाहरण म्हणून घेतली. आठही मुलगे अशी घरं सूत्राप्रमाणे २६४ असायला हवी होती, निघाली ३४२. आठही मुली अशी १६५ हवी, निघाली २१५. टोकाची घरं दोन्हीकडे हिशेबापेक्षा जास्त. म्हणजे सगळ्या घरांत फासा एकच नव्हता. काही घरांत तो किंचित मुलग्यांकडे झुकलेला होता, काही घरांत मुलींकडे. किंचितच, पण ५३ हजार घरांच्या गर्दीत तेवढा झुकाव लपला नाही.

फिशरच्या नजरेला आणखी एक गोष्ट खटकली, आणि ती मला सगळ्यात जास्त आवडते. दोन, चार, सहा मुलगे असलेली घरं अपेक्षेपेक्षा जास्त होती. तीन आणि पाचवाली कमी. चार-चार अशी घरं सूत्रानं १४,६२८ हवीत, नोंदवहीत १४,९५९. निसर्गाला सम संख्यांचं प्रेम असायचं काही कारण नाही. फिशरनं तसं सरळ लिहिलं, आणि त्यामुळे या आकड्यांचं मोल कमी होतं असंही बजावलं. नोंदवहीच्या पलीकडे बसलेल्या माणसाला मात्र यात नवल वाटणार नाही. आमच्याकडे वयाच्या रकान्यात शून्य आणि पाच यांची अशीच गर्दी असते. गावातला निम्मा म्हातारा समाज साठ, पासष्ट नाहीतर सत्तर वर्षांचा असतो, एकसष्टचा कुणी सापडत नाही. सॅक्सनीतल्या त्या कारकुनाची आणि माझी जात एकच.

फासा घरागणिक बदलतो, पण एका घरापुरता तोच राहतो, अशा परिस्थितीसाठी गणितात पुढे वेगळं वितरण तयार झालं. १९४८ साली जे. जी. स्केलम यानं ते मांडलं. त्याचा विषय गुणसूत्रांचा होता, मुलांचा नव्हे. त्याला बीटा-द्विपदी म्हणतात. सूत्र जरा अवजड आहे, ते इथं देत नाही. कल्पना अशी की फासा टाकण्याआधी फाशांच्या पोत्यात हात घालून एक फासा उचलायचा, आणि मग त्या घरातली सगळी मुलं त्या एकाच फाशानं.

आता आपल्याकडे येऊ, आणि पहिल्यांदा जुन्या रिवाजाकडे. मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही, हा रिवाज. एका आढावा बैठकीत एक तरुण डॉक्टर फार ठासून म्हणाले होते की या रिवाजामुळेच मुलींचं प्रमाण बिघडतं. ऐकायला पटतं, पण गणित तसं म्हणत नाही. प्रत्येक घरानं पहिला मुलगा झाला की थांबायचं ठरवलं, तर काही घरांत एक मूल, काही घरांत चार मुली आणि शेवटी मुलगा. हे वितरण द्विपदीचं भावंड आहे: द्विपदीत प्रयोगांची संख्या ठरलेली आणि यश किती ते पाहायचं, इथं यश ठरलेलं आणि प्रयोग किती लागले ते मोजायचं. एका मुलग्यावर थांबलं तर त्याला गुणोत्तरी म्हणतात, दोन मुलगे हवेत असा हट्ट असेल तर ऋण द्विपदी. पण कुठेही थांबा, प्रत्येक जन्माच्या वेळी फासा तोच आहे, म्हणून सगळ्या गावची बेरीज १८ला १७च्या आसपासच राहते. फासा कधी थांबवायचा हे ठरवून फासा बदलत नाही.

मग या रिवाजानं काही बिघडत नाही का? बिघडतं, पण दुसरीकडे. मुली मोठ्या घरांत जास्त सापडतात, मुलगे छोट्या घरांत. ताटातला वाटा आणि शाळेची फी त्या हिशेबानं वाटली जाते. शेवटच्या अपत्यांमध्ये मुलगेच मुलगे दिसतात. केंद्र सरकारच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणी अहवालानं याच शेवटच्या अपत्याच्या प्रमाणावरून देशात सुमारे २.१ कोटी ‘नको असलेल्या’ मुली असाव्यात असा अंदाज बांधला. सातारा जिल्ह्यात २०११ साली समारंभ करून ‘नकुशी’ नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींना नवी नावं दिली गेली, त्या याच रांगेतल्या. त्या जन्मल्या तरी. त्या मोजल्या गेल्या.

सोनोग्राफीनं फासाच बदलला. पोर्टेबल यंत्रं तालुक्याच्या गावी पोहोचली तसा द्विपदीचा पाया दोन्हीकडून उखडला. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी २००६ साली भारतातल्या ११ लाख घरांच्या पाहणीवरून लिहिलेला निबंध माझ्या टेबलावर बरीच वर्षं होता. पहिली मुलगी असलेल्या घरात दुसऱ्या खेपेला हजार मुलग्यांमागे ७५९ मुली. पहिल्या दोन्ही मुली असतील तर तिसऱ्या खेपेला ७१९. आधीची मुलं मुलगे असतील, तिथं मात्र मुली मुलग्यांपेक्षा कमी नाहीत. मुलगी झाली, आता मुलग्याची पाळी. लाप्लासच्या वेळचे ते बाप जे मानत होते, ते आता शब्दशः घडत होतं. सॅक्सनीत भावंडं एकाच बाजूला झुकलेली निघाली, कारण तिथं निसर्गाचा हात होता. आपल्याकडे एकामागून एक असा तोल साधलेला दिसतो, म्हणजे टोकाची घरं, विशेषतः सगळ्या मुलींची, हिशेबापेक्षा कमी. कागदावर ही घरं इतकी नेटकी, एक मुलगी एक मुलगा, की न मोजणाऱ्याला त्यात काहीच गैर वाटू नये.

महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा सगळ्या देशाआधी, १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४चा. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात ८०७. निसर्गाचा फासा हजाराला सुमारे ९५० देतो. बालमृत्यूंतला फरक यात मिसळलेला असतो हे मान्य करूनही, सव्वा कोटीहून अधिक मुलांवर ८९४ हा आकडा योगायोगानं येण्याची गोष्टच सोडा. द्विपदीनं जेवढं प्रमाणविचलन, म्हणजे योगायोगाचा नेहमीचा चढउतार, संभवतं, त्याच्या शंभरपटीहून जास्त तो घसरलेला आहे. आर्बथनॉटची २१ शून्यं यापुढे काहीच नाहीत.

एवढं सगळं स्पष्ट असताना आम्ही कार्यालयात काय करत होतो? गावागावाचं प्रमाण काढत होतो. हे मात्र मला सांगायलाच हवं. वर्षाच्या शेवटी तालुक्याच्या गावांची यादी निघे, ज्या गावात मुली फार कमी त्या ओळीला लाल रंग. एका बैठकीत अशा लाल ओळीच्या ग्रामसेवकाला उभं केलं. १३ मुलगे, ७ मुली, हजारी ५३८. भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, “मॅडम, वर्षाला वीस पोरं जन्माला येत्यात गावात. सात पोरी झाल्या, त्यात माझा काय गुन्हा?”

त्यांचा मुद्दा लाप्लासचाच होता. वीस जन्मांत तेरा किंवा जास्त मुलगे येण्याची शक्यता, काहीही गैरप्रकार नसताना, शंभरात पंधराच्या आसपास आहे. म्हणजे शंभर गावांच्या तालुक्यात पंधरा गावं दरवर्षी आपोआप लाल होणार. तेरा किंवा जास्त मुली येण्याची शक्यता शंभरात अकरा. त्या अकरा गावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. पुढच्या वर्षी लाल गावं बहुतेक सुधारलेली निघतात आणि सत्काराची गावं घसरलेली. नोटिशीचा गुण आला, असा शेरा अहवालात पडतो. मी स्वतः तो शेरा टाइप होताना पाहिला आहे.

आणि जे खरंच पकडायला हवं, ते या गावांच्या यादीत दिसतच नाही. राज्याच्या सरासरीइतका बिघाड असलेला तालुका धरा, वर्षाला २,००० जन्म. मुलगे १,०२४ अपेक्षित, निघतील १,०५६. प्रमाणविचलन बावीसचं, म्हणजे एका वर्षाच्या आकड्यावरून तालुक्यालाही दोष देता येत नाही. त्याच तालुक्याची दहा वर्षं एकत्र करा, ३२० मुलगे जास्त आणि विचलन एकाहत्तर; आता सुटका नाही. वीस जन्मांच्या गावात मात्र दहा वर्षांनंतरही फरक तीन मुलग्यांचा आणि विचलन सातचं. गावाच्या आकड्याला कधीच काही बोलता येणार नाही, त्याला बोलतं करणारे आपण.

मुलग्यांची आणि मुलींची संख्या दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या दारात लावण्याचा गुड्डा-गुड्डी फलक आपल्याच जळगाव जिल्ह्यातून निघाला आणि २०१५च्या ‘बेटी बचाओ’ योजनेतून देशभर गेला. हेतू चांगला आहे, मुलगी जन्मली हे दारावर लिहिलं जातं ही गोष्टही लहान नाही. फलक राहू द्या. पण त्यावरून गावाचं प्रमाण काढू नका, ग्रामसेवकाला नोटीस देऊ नका आणि सरपंचाला पुरस्कारही देऊ नका. प्रमाण काढायचं तर तालुक्याचं, दहा वर्षांचं, आणि पहिली मुलगी असलेल्या घरांतल्या दुसऱ्या अपत्याचं वेगळं काढा. त्यासाठी लागणारी सगळी माहिती जन्म-नोंदीत आणि सोनोग्राफी केंद्रांच्या एफ फॉर्ममध्ये आजही पडून आहे. ती मागवून बेरीज करायला एक अन्वेषक आणि एक महिना पुरेल.